नव्या वर्गात मुलीची गट्टी जमावी म्हणून घरून काय करता येतं

मधल्या सुट्टीची वीस मिनिटं एकटीने काढावी लागणारी मुलगी त्या वेळात काय करते, ते आधी डोळ्यासमोर आणा. ती पाणी प्यायला दोनदा जाते. दप्तरात नसलेली वस्तू दप्तरात शोधते. स्वच्छतागृहात गरजेपेक्षा जास्त वेळ थांबते. जमलं तर ग्रंथालयात जाऊन बसते, कारण तिथे एकटं बसलेलं कुणाला खटकत नाही. घरी आल्यावर तुम्ही विचारता, "कशी गेली शाळा?" आणि ती म्हणते, "ठीक."

दहा ते चौदा या वयात हे खूप मुलींच्या वाट्याला येतं. मैत्रीण आणून देणं आई-बाबांच्या हातात नसतं. मैत्री जमायला लागणारा वेळ, जागा आणि थोडा सराव मात्र तुम्ही देऊ शकता. जे काही करायचं ते या तिन्हींपैकी एखाद्यात बसतं का, एवढं बघत राहा. बसत नसेल, तर ते बहुधा तुमच्या काळजीपोटी चाललंय, मुलीला त्याचा उपयोग नाही.

आधी अडलंय कुठे ते शोधा

"तिला मैत्रिणीच नाहीत" या एका वाक्यात चार वेगळ्या गोष्टी असू शकतात. शाळा किंवा तुकडी बदलली आणि ओळखीचं कुणीच नाही. किंवा जुनी मैत्रीण दुसऱ्या घोळक्यात रमली आणि ही मागे राहिली. किंवा बोलणं सगळ्यांशी आहे, पण शाळा सुटली की कुणाचा पत्ता नाही. चौथी गोष्ट सगळ्यात गंभीर, की कुणीतरी तिला ठरवून वेगळं पाडतंय. पहिल्या तीनही प्रकारांत खाली दिलेले उपाय चालतात. चौथ्यात ते आधी लावले तर उलटतात. जो घोळका तिला हाकलतोय त्याच घोळक्यात पुन्हा शिरायला आपण तिला शिकवत बसतो.

पाचवीही शक्यता धरा. काही मुलींना एकच मैत्रीण पुरते, सुट्टीत पुस्तक वाचायला आवडतं आणि त्या खरोखर मजेत असतात. ती संध्याकाळी नेहमीसारखी बोलते, जेवते, झोपते आणि सकाळी कुरकुर न करता शाळेत जाते, तर तिला बळेच गर्दीत ढकलू नका.

शोधायचं कसं? समोर बसवून विचारू नका. या वयाची मुलगी डोळ्याला डोळा भिडवून मनातलं बोलत नाही. चालताना, गाडीत शेजारी बसून, भांडी पुसताना, घड्या घालताना ती बोलते. "आज कुणी मैत्रीण झाली का?" हा प्रश्न तर रोज अजिबात नको. तीन दिवसांत तो तिला परीक्षेच्या निकालासारखा वाटू लागतो आणि ती तुमच्या समाधानासाठी खोटी नावं सांगू लागते. साधे, जागेचे प्रश्न विचारा: "सुट्टीत कुठे होतीस आज?" "शेजारी कोण बसलं होतं?" "आज वर्गात कुणामुळे हसू आलं?" "गटात काम होतं का, कोणकोण होतं?" एका दिवशी एकच प्रश्न पुरे. उत्तर आलं नाही तर विषय सोडून द्या.

शाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की वर्गशिक्षकांना भेटा, पण "ती मिसळते का?" असं मोघम विचारू नका. त्यावर "हो, छान आहे" एवढंच हाती लागेल. विचारा: "जोड्या करा म्हटलं की ती कुणाकडे बघते? तिच्याकडे कुणी बघतं का? सुट्टीत वर्गातून बाहेर पडताना ती एकटी असते की कुणासोबत?" शिक्षकांनी आधी लक्ष दिलं नसेल, तर पुढचा आठवडाभर ते नक्की देतील.

हेच वय अवघड का

लहानपणी मैत्री म्हणजे एकत्र खेळणं. जो खेळायला तयार तो मित्र. दहा-अकराच्या पुढे मुलींमध्ये मैत्रीचा अर्थ बदलतो. गुपित सांगता येणं, बाजू घेणं, "माझी" असणं, हे सगळं त्यात येतं. मुलींचं वयात येणं साधारण आठ ते तेरा या वर्षांत कधीही सुरू होतं. त्यामुळे एकाच बाकावर एक मुलगी अजून पकडापकडीत रमलेली असते आणि दुसरीला त्याची लाज वाटत असते. दोघींतली कुणीच चुकलेली नसते. त्यात विषयागणिक शिक्षक बदलतात, तुकड्या फिरतात आणि मोठ्यांनी जुळवून दिलेल्या ओळखी संपतात.

जुनी मैत्रीण दुरावली की मुलगी स्वतःत खोट शोधते, म्हणून तिला एक गोष्ट जरूर सांगा. फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. सातवीत असलेल्या मैत्रीच्या जोड्या त्यांनी वर्षानुवर्षं पाहिल्या. त्यातल्या बारावीपर्यंत टिकलेल्या जोड्या जेमतेम १ टक्का होत्या. मैत्री सुटणं हा या वयाचा नियमच आहे. ही माहिती सांगताना "म्हणून रडू नकोस" एवढं मात्र जोडू नका. रडू दे.

तासांचं गणित

पालकांना सगळ्यात जास्त कामाला येणारा मुद्दा हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये ओळखीची मैत्री व्हायला किती वेळ लागतो ते मोजलं. नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास, खऱ्या मैत्रीला ९० आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. हा अभ्यास मोठ्या माणसांवर आणि कॉलेजातल्या विद्यार्थ्यांवर झालेला आहे, तेव्हा आकडे तुमच्या मुलीला जसेच्या तसे लावू नका. प्रमाण मात्र लक्षात ठेवा. आणखी एक गोष्ट त्यात दिसली, की एकत्र काम करण्यात गेलेला वेळ फारसा उपयोगी पडत नाही. एकत्र रिकामा, मजेत घालवलेला वेळ मोजला जातो.

आता हिशेब करा. वीस मिनिटांची सुट्टी, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे १०० मिनिटं. तीही रोज त्याच मुलीसोबत गेली असं धरलं तरी ५० तास व्हायला ३० आठवडे लागतात. जवळपास अख्खं शालेय वर्ष! सप्टेंबर उजाडला तरी मुलगी एकटी आहे म्हणून तुम्ही हवालदिल होता, पण त्यात तिचं काहीच चुकलेलं नसतं. तास झालेले नसतात, इतकंच.

हेच गणित बदलता येतं. त्याच मुलीसोबत आठवड्यातून दोनदा दीड-दीड तासाचा एखादा वर्ग किंवा खेळ, आणि सुट्टीच्या दिवशी दोन तास घरी. आठवड्याचे साधारण पावणेसात तास होतात आणि ५० तासांचा टप्पा सात-आठ आठवड्यांत येतो. म्हणून शाळेबाहेरचा एक नियमित कार्यक्रम मिळवून देणं हे तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं काम.

कार्यक्रम निवडताना शिकवण्याच्या दर्जापेक्षा चार गोष्टी बघा. तीच मुलं दर वेळी येतात का? आठवड्यातून किमान दोनदा असतो का? मधे बोलायला मोकळा वेळ मिळतो का? आणि तिच्या शाळेतली, शक्यतो तिच्याच तुकडीतली एखादी तरी मुलगी तिथे आहे का? पोहण्याच्या रांगेत तोंड पाण्यात असतं, तिथे मैत्री हळू जमते. नाटक, समूहगान, सांघिक खेळ, चित्रकला, विज्ञान मंडळ, गिर्यारोहण यांत हात किंवा पाय चालू असतात आणि तोंड मोकळं असतं. सुट्टीतलं आठवड्याभराचं शिबिर ओळखीला ठीक, पण ते संपलं की सगळं तिथेच थांबतं. किमान तीन महिने चालणारं काही घ्या. निवड तिची असू द्या. तुम्ही तीन पर्याय ठेवा, त्यातला एक ती घेईल. पहिल्या दोन वेळा "मला नाही जायचं" हे येणारच. आधीच ठरवून ठेवा, की सहा वेळा जायचं आणि मग सोडायचं की नाही ते तिने सांगायचं.

कुणाशी? तीन नावं

मुली बहुतेक वेळा चुकीच्या दाराशी उभ्या राहतात. वर्गातल्या सगळ्यात चमकत्या घोळक्यात घेतलं जावं अशी इच्छा असते आणि तिथे जागा सगळ्यात कमी असते. तो घोळका सोडून तीन नावं काढायला तिला मदत करा. कागदावर, पेन्सिलने, खोडता येतील अशी.

नावं कशी शोधायची? जी मुलगी बोलल्यावर पूर्ण वाक्यात उत्तर देते. जी काहीतरी परत विचारते. जी वस्तू मागितल्यावर आढेवेढे न घेता देते. जी स्वतःही नवीन आहे. जी एखाद्या घोळक्याच्या कडेला असते आणि अधूनमधून आजूबाजूला बघते. आवडीनिवडी जुळणारी असेल तर फारच छान, कारण वर सांगितलेल्या फ्लोरिडाच्या अभ्यासात दिसलं, की एकमेकांपेक्षा फार वेगळी असलेली मुलं लवकर दुरावतात. कायम एकमेकींना चिकटलेल्या दोघींमध्ये तिसरी म्हणून शिरणं सगळ्यात कठीण. तो बेत पहिल्यांदा नको.

हे नाव नको, ते नको, असं तुम्ही म्हणू नका. "ती अभ्यासात कशी आहे?" हा प्रश्न तोंडातून निघाला की यादी तिथेच संपली.

घोळक्यात शिरायचं कसं

मोठी माणसं सहज म्हणतात, "जा ना, बोल त्यांच्याशी!" कसं, ते कुणी सांगत नाही. हे पायऱ्या-पायऱ्यांनी शिकवता येतं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एलिझाबेथ लॉगसन यांनी विकसित केलेला 'पीअर्स' नावाचा कार्यक्रम आहे. त्यात मुलं आणि पालक दोघंही शिकतात, आणि हे कौशल्य तिथे असंच तुकड्या पाडून शिकवलं जातं.

समजा चार जणी खिडकीपाशी उभ्या आहेत. मुलीने थेट जायचं नाही. आधी जवळपास काहीतरी करत राहायचं, बाटली भरणं, वही चाळणं, आणि कान देऊन ऐकायचं की विषय काय चाललाय. विषयातलं काहीच माहीत नसेल तर हा घोळका आज सोडायचा. माहीत असेल तर बोलण्यात खंड पडायची वाट बघायची. अगदी पूर्ण शांतता होत नाही, एकीचं हसणं संपतं आणि दुसरीचं वाक्य सुरू व्हायचं असतं, तेवढीच फट. मग दोन हातांच्या अंतरावर यायचं, बोलणाऱ्या मुलीकडे बघायचं आणि चालू विषयावरचं एकच वाक्य बोलायचं.

चौघी उद्याच्या विज्ञानाच्या प्रयोगाबद्दल बोलत असतील, तर "मॅडम म्हणाल्या भिंगं कमी आहेत, दोघींत एकच मिळणार" हे चांगलं वाक्य. "माझ्या आधीच्या शाळेत तर आम्हाला सूक्ष्मदर्शक होतं" हे वाईट. "तुम्ही काय बोलताय?" हे त्याहून वाईट, कारण चौघींना चाललेलं थांबवून हिला समजावत बसावं लागतं. मानसशास्त्रज्ञ मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन यांनी १९८१ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांचं हेच बारकाईने पाहिलं होतं. जी मुलं नावडती होती ती घोळक्याशी वाद घालत, स्वतःबद्दल सांगत, माहितीचे प्रश्न विचारत, म्हणजे चालू प्रवाह स्वतःकडे वळवायला बघत. मुलगी उद्धट नसते, घाबरलेली असते, आणि घाबरलेलं माणूस स्वतःबद्दलच बोलतं.

वाक्य बोलून झालं की पुढे काय होतं ते तिने वाचायला शिकावं. कुणी तिच्याकडे वळलं, जागा झाली, उत्तर आलं, म्हणजे थांबायचं आणि पुढची दोन मिनिटं ऐकायचं जास्त, बोलायचं कमी. पाठी वळलेल्याच राहिल्या, एका शब्दाचं उत्तर आलं, दोघींनी एकमेकींकडे बघितलं, तर निघायचं. निघण्याचंही एक वाक्य हवं: "चला, मी बाटली भरून येते." शांतपणे, तोंड पाडून नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा घोळका. नकार आला म्हणजे डाव हरला असं नसतं. ज्यांचं चांगलं जमतं त्या मुलींनाही नकार मिळतातच, त्या फक्त वाद न घालता बाजूला होतात आणि पुन्हा येतात.

याचा सराव घरी करा, पाच मिनिटं, आठवड्यातून दोनदा. त्याहून जास्त नको. तुम्ही घोळका व्हायचं. दुसरं कुणी घरात असेल तर फारच बरं.

"अगं, तू आत ये ना. मी आणि बाबा बोलतोय असं समज."

"आई, हे किती विचित्र वाटतंय."

"वाटू दे. हं, आम्ही सहलीबद्दल बोलतोय. बसमध्ये कुणाशेजारी बसायचं."

"...मला पण सहलीला जायचंय."

"हे तुझ्याबद्दल झालं. बसबद्दल काय म्हणशील?"

"मागच्या सीटवर गचके फार बसतात."

"बरोब्बर! हेच म्हणायचं."

एकदा चांगली वागणारी मुलगी व्हा, एकदा तुटक बोलणारी, म्हणजे निघण्याचं वाक्यही तोंडात बसेल. शाबासकी द्या ती तिने वाक्य उच्चारल्याची. ते किती छान होतं याची नको.

बोलणं पुढे न्यायचं

पहिलं वाक्य जमलं तरी दुसऱ्या मिनिटाला गप्पा संपतात, ही सर्रास येणारी अडचण. उपाय सोपा आहे: आलेल्या उत्तरातलाच एक शब्द पकडून पुढचा प्रश्न. ती म्हणाली, "मी शनिवारी मावसबहिणीकडे होते." तर "अच्छा" म्हणून थांबायचं नाही आणि "मी शनिवारी..." अशी स्वतःची गाडीही सुरू करायची नाही. "तुझ्याएवढीच आहे का ती?" हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं, की असे उत्तराला धरून पुढचे प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडतात. पण लागोपाठ चार प्रश्न झाले की मुलाखत होते. दोन प्रश्न, मग स्वतःचं एक वाक्य, असं बसवा.

आणखी काही गोष्टी नकळत घात करतात. दुसरीची चूक सगळ्यांसमोर दुरुस्त करणं, नियमाची आठवण करून देणं, शिक्षकांना सांगणं (कुणाला इजा होत असेल तर गोष्ट वेगळी). एकदा हशा पिकलेला विनोद पाचदा सांगणं. आणि वस्तू वाटणं. पेनं, स्टिकर, खाऊ वाटून मुली काही दिवस जमतात आणि वस्तू संपली की पांगतात, मुलीला मात्र वाटतं आपलीच किंमत संपली. दप्तरातून वस्तू भराभर कमी होताना दिसल्या तर रागावू नका, कुणाला दिल्या ते हळूच विचारा.

घरी येऊन ती म्हणेल, "मी मूर्खासारखं बोलले, त्यांना मी अजिबात आवडले नाही." यावर सांगण्यासारखं आहे. २०१८ च्या एका अभ्यासात अनोळखी माणसं बोलून झाल्यावर समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज बांधत होती, आणि हा अंदाज खऱ्यापेक्षा कमीच निघत होता. पाच वर्षांपुढच्या मुलांतही हेच पुढे आढळलं. तिला म्हणा, "तुला वाटलं त्यापेक्षा तू त्यांना जास्त आवडली असशील, सगळ्यांचाच अंदाज असा कमी निघतो."

पहिल्यांदा घरी बोलावताना

शाळेत पाच-सहा वेळा नीट बोलणं झालं की घरी बोलावायची वेळ आली. एकीलाच बोलवा. तिघी झाल्या की दोघींचं जमतं आणि एक बाजूला पडते, आणि ती बाजूला पडणारी तुमच्याच घरात तुमचीच मुलगी असू शकते.

वेळ दीड ते दोन तास, आणि संपायची वेळ आधीच सांगितलेली. मजा चालू असतानाच संपलं पाहिजे, कारण पुढच्या भेटीची इच्छा त्यातूनच राहते. चार तासांच्या भेटीत तिसऱ्या तासाला दोघी आपापल्या भिंतीकडे बघत बसतात. आमंत्रण मुलीने द्यावं, पक्कं तुम्ही करावं. त्या मुलीच्या आईला किंवा बाबांना निरोप असा: "नमस्कार, मी सहावीतल्या अमुकची आई. दोघी शनिवारी आमच्या घरी चित्रांचं काम करू म्हणतायत. चार ते सहा चालेल का? मी घरीच आहे. आणायला-सोडायला मी येऊ शकते." दिवस, वेळ, काय करणार, मोठं माणूस घरी आहे का, येण्या-जाण्याचं काय, या पाचही गोष्टी त्यात हव्यात. "कधीतरी पाठवा ना" या निरोपातून कधीच काही होत नाही.

करायला काहीतरी ठरलेलं असू द्या, आणि ते हातांनी करायचं. तीन गोष्टी तयार ठेवा: एक तासभर चालणारी, एक वीस मिनिटांची आणि एक घराबाहेरची. पहिली चाळीस मिनिटं चांगली जातात, मग एक खड्डा येतो, दोघी गप्प होतात. तेव्हा तुमचं काम एवढंच, की खायला काहीतरी ठेवायचं आणि दुसऱ्या गोष्टीचं नाव काढून खोलीतून बाहेर पडायचं. येण्याआधी मुलीला विचारा, कुठल्या वस्तूंना कुणी हात लावलेला तिला चालणार नाही. त्या उचलून कपाटात ठेवा, म्हणजे निम्मी भांडणं टळतात. धाकटी भावंडं त्या दोन तासांत दुसऱ्या कुणाकडे. दोघींचे फोन दुसऱ्या खोलीत, नाहीतर दोन मुली शेजारी बसून वेगवेगळे पडदे बघतात आणि ते दोन तास वरच्या हिशेबात धरता येत नाहीत.

मैत्रीण घरी आलेली असताना काय खेळायचं हे त्या पाहुणीने आधी सांगायचं, हा नियम मुलीला आदल्या दिवशी सांगून ठेवा, आयत्या वेळी नाही. तुम्ही आवाज ऐकू येईल एवढ्या अंतरावर राहा, पण गप्पांत बसू नका. या वयाच्या मुलींना गोड बोलणारी आई आवडते, आणि मग पाहुणी तुमच्याशीच बोलत बसते!

ती गेल्यावर चौकशी नको. "मजा आली का?" एवढंच. तुम्हाला काही खटकलं असेल तर दुसऱ्या दिवशी, एकच मुद्दा.

परत बोलावणं आलं नाही तर? काही घरांत बोलावण्याची पद्धत नसते किंवा जागा नसते, त्याचा अर्थ लावू नका. आमंत्रणाला ती मुलगी होकार देते का, आणि शाळेत स्वतःहून जवळ येते का, हे बघा. दोनदा बोलावून दोन्ही वेळा कारण आलं आणि तिकडून दुसरा दिवस सुचवला गेला नाही, तर ते नाव यादीतून पेन्सिलने खोडा आणि पुढच्याकडे वळा.

फोनवर

इन्स्टाग्रामसारख्या माध्यमांवर खातं उघडायचं किमान वय १३ आहे. त्याआधी निरोप तुमच्या फोनवरून जाऊ शकतात, आणि ते पुरतं. संदेशांसाठी दोनाचा नियम शिकवा: उत्तर आलं नाही तर एक दिवस थांबून दुसरा पाठवायचा, त्यालाही उत्तर नसेल तर तिसरा नाही. उतावीळपणे पाठवलेले अकरा संदेश चांगली चाललेली ओळख तोडतात. वर्गाच्या ग्रुपवर तिने लिहावं तेवढंच, जेवढं वर्गात उभं राहून मोठ्याने वाचता येईल. कुणी दुसरीबद्दल वाईट लिहिलं तर त्यावर हसण्याचं चिन्हसुद्धा टाकायचं नाही, कारण त्याचा स्क्रीनशॉट पुढच्या दोन मिनिटांत त्या दुसरीकडे पोचतो.

तुम्ही आवरायच्या गोष्टी

तिच्यासमोर कुणालाही "ही जरा लाजरीच आहे" असं सांगू नका. मुली ते पाटीसारखं गळ्यात घालून फिरतात. दुसऱ्या मुलीच्या आईला फोन करून "तुमच्या मुलीला सांगा हिला खेळायला घ्यायला" म्हणणं तर नकोच. ती मुलगी दोन दिवस घेईल आणि तिसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला सांगेल.

रोज रात्री तासभर तोच विषय उगाळणंही थांबवा. मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये मुलामुलींच्या मैत्रीबद्दल दाखवलं, की दोघांनी मिळून एकच अडचण पुन्हा पुन्हा चघळली तर जवळीक वाढते, पण सोबत उदासीही वाढते. आई-मुलीतही तसंच होऊ शकतं. पंधरा मिनिटं मनापासून ऐका. सुचवायची घाई न करता आधी विचारा, "नुसतं ऐकू, की मिळून काही मार्ग काढू?" मग विषय बदलून दोघी काहीतरी वेगळं करा.

मुद्दाम वेगळं पाडलं जात असेल तर

भांडण आणि छळ यांत फरक आहे. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा होणारं, आणि जिथे एका बाजूचं बळ जास्त आहे. मुलींमध्ये हे मारामारीतून फारसं दिसत नाही. ती आली की गप्प होणं, बाकावरची जागा "कुणीतरी येणारे" म्हणून अडवणं, तिला वगळून नवा ग्रुप काढणं, खोटी गोष्ट पसरवणं, "तिच्याशी बोललीस तर आमच्याशी कट्टी" असं तिसरीला बजावणं.

अशा वेळी वहीत तारीख, तास, जागा, कोण, नेमके शब्द असं लिहून ठेवा. आठवड्याभराची नोंद झाली की वर्गशिक्षकांना भेटा आणि शिक्षा मागण्याऐवजी बदल मागा: तिची जागा समजूतदार मुलीशेजारी असावी, जोड्या आणि गट शिक्षकांनी पाडावेत, सुट्टीत तिला एखादी जबाबदारी किंवा मंडळ मिळावं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा भेट. "तुमची जोडी तुम्ही निवडा" हे वाक्य वर्गात बंद झालं तरी अशा मुलीचा अर्धा जाच कमी होतो. या काळात शाळेबाहेरचा तो नियमित कार्यक्रम काही झालं तरी चालू ठेवा, कारण तिथे तिची ओळख वेगळी असते. भेटीनंतरही काही हललं नाही, तर नोंदीची प्रत जोडून मुख्याध्यापकांना लेखी द्या.

शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी नाही, दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा जेवण बिघडलंय, आवडत्या गोष्टी सोडल्यात, तर डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. "मी नसले तर बरं होईल" असं काही ती बोलली, किंवा स्वतःला इजा केलेली दिसली, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी जा आणि तोवर तिला एकटं सोडू नका.

जमायला लागल्यावर

काही आठवड्यांनी तिच्या बोलण्यात एक नाव आपोआप येऊ लागतं. "आम्ही" हा शब्द येतो. सुट्टीत कुठे होतीस हे सांगताना तिला आठवावं लागत नाही. इथे बहुतेक पालक सैल सोडतात आणि शनिवारचे दोन तास बंद पडतात. ते चालू ठेवा, कारण पन्नासाव्या तासाला मैत्री नुकतीच रुजलेली असते. महिन्यातून एकदा यादीतल्या दुसऱ्या मुलीलाही बोलवा, वेगळ्या दिवशी, एकटीला. पहिलीची तुकडी बदलली किंवा ती शाळाच सोडून गेली, तर मुलीला पुन्हा पाण्याच्या नळापासून सुरुवात करावी लागणार नाही. आणि एखाद्या संध्याकाळी ती दार लावून अर्धा तास फोनवर बोलत बसली, तुम्ही विचारलं की "काही नाही गं" म्हणाली, तर दार लावलेलंच राहू द्या.